पडण्याचे भय आणि बर्फावरची संध्याकाळ

मुलांकडे अमेरिकेला जाऊन आलेल्या ज्येष्ठांना ‘तिकडे काय काय पाहिलेत?’ असे विचारले, की नायगारा, न्यूयॉर्कची स्वातंत्र्यदेवता, वॉशिंग्टनमधील संग्रहालये अशी ठरावीक नावे ऐकू येतात. आज मी आपल्याला ज्या ठिकाणी नेणार आहे, ते या यादीत सहसा नसते. बोस्टनमध्ये, चार्ल्स नदीच्या दक्षिण काठावर, हार्वर्ड विद्यापीठाचे आइस हॉकीचे एक बंदिस्त क्रीडागार आहे. सुमारे तीन हजार माणसे बसू शकतील एवढेच. काही वर्षांपूर्वी, शरद ऋतूतल्या एका संध्याकाळी, तेथे फिगर स्केटिंगचा कार्यक्रम पाहण्याचा योग आम्हा उभयतांना आला. बर्फावरच्या गिरक्या आणि उड्या आपण दूरदर्शनवर पाहिल्या असतीलच. त्या संध्याकाळी आमच्या सर्वांत उपयोगी पडले ते मात्र एका तरुण खेळाडूचे पडणे. म्हणून हा लेख.

थोडे मागे जावे लागेल. त्या आधीच्या पावसाळ्यात मिरजेच्या आमच्या घरी अंगणाच्या पायरीवरून माझे यजमान घसरले. तेव्हा त्यांना शहात्तरावे वर्ष लागले होते. पडताना त्यांनी उजवा हात टेकला आणि मनगटाचे हाड मोडले. प्लास्टर निघाले, हाड जुळले, बोटे पूर्ववत हलू लागली. भीती मात्र गेली नाही. संध्याकाळचे फिरणे प्रथम बंद झाले. मग वाचनालय, मग बँक, मग शेजारच्या मित्राकडची बैठक. घरातल्या घरातही ते भिंत धरून चालू लागले. फिजिओथेरपिस्ट बाईंनी एक व्यायाम आवर्जून सांगितला होता: जमिनीवर बसायचे आणि खुर्चीच्या आधाराने पुन्हा उठायचे. तो त्यांनी एकदाही केला नाही. ‘मुद्दाम जमिनीवर कशाला जायचं?’ हे त्यांचे उत्तर ठरलेले असे.

आपल्या घरातही असे कोणी असेल. कदाचित ते आपण स्वतःच असाल. अपघाती इजांमुळे जगभर जे मृत्यू होतात, त्यांत रस्त्यावरील अपघातांच्या खालोखाल पडण्याचा क्रमांक लागतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे ही भीती निराधार नाही. पण तिचा एक दुष्ट फेरा असतो. भीतीमुळे हालचाल कमी होते, हालचाल कमी झाली की मांड्यांचे व पोटऱ्यांचे स्नायू क्षीण होतात, तोल बिघडतो आणि पडण्याची शक्यता उलट वाढते. शुश्रूषा करणाऱ्याच्या ओठांवर ‘अहो, सावकाश’, ‘अहो, राहू द्या, मी आणते’ हीच वाक्ये असतात. त्यांतला प्रत्येक शब्द मायेचा असतो आणि प्रत्येक शब्दाने तो फेरा थोडा अधिक आवळला जातो. हे मला पुष्कळ उशिरा उमगले.

अशा अवस्थेत आम्ही मुलीकडे गेलो होतो. तिने तिकिटे काढल्याचे सांगितले, तेव्हा यजमान म्हणाले, “बर्फावर घसरणाऱ्यांचा खेळ मी पाहायला येऊ? घरी घसरलो तेवढं पुरे झालं.”

त्यांना तयार केले ते सात वर्षांच्या नातीने. ती गावातल्या रिंकवर नुकतीच शिकू लागली होती. पहिल्या दिवशी काय शिकवले, असे आजोबांनी विचारले, तर ती म्हणाली, “पडायला!” आणि तिने दिवाणखान्यातल्या गालिच्यावर लगेच करून दाखवले. गुडघे वाकवून खाली, एका कुशीवर पडायचे, हात टेकायचे नाहीत. मग उठायचे. “आधी थांबायचं, आजोबा. मग मांजर व्हायचं, चार पायांवर. मग एक पाऊल पुढे. मग दोन्ही हात गुडघ्यावर, आणि वर!” स्केटिंगच्या बहुतेक वर्गांत सुरुवात खरोखरच अशी होते, पुढे सरकणे त्यानंतर येते. आजोबा हसले. येतो म्हणाले.

हार्वर्ड चौकातून नदीकडे निघाले, की विटांच्या विद्यार्थी-निवासांच्या रांगा लागतात. पूल ओलांडला की समोर १९०३ साली बांधलेले, घोड्याच्या नालाच्या आकाराचे जुने स्टेडियम दिसते आणि त्याच्याच परिसरात हे क्रीडागार आहे. आम्ही गेलो तेव्हा काठावरच्या झाडांची पाने रंग बदलू लागली होती. बाहेर हवा सुखद होती; दार ओलांडून आत पाऊल टाकताच मात्र थंडी अंगावर आली. आपण कधी अशा ठिकाणी गेलात, तर बाहेरच्या हवेवर विसंबू नका. बर्फ टिकावा म्हणून आतील हवा मुद्दाम गार ठेवलेली असते. लोकरीचे पायमोजे, कानटोपी, शाल आणि बसायला जाडसर उशी बरोबर असू द्या. दम्याचा त्रास असेल तर इन्हेलर खिशात हवाच. कोरड्या थंड हवेने श्वासनलिका आखडते. श्रवणयंत्र वापरत असाल तर त्याचा आवाज कमी करा, कारण संगीत फार मोठ्याने लावतात. आणि तिकीट काढतानाच, कमीत कमी पायऱ्या चढाव्या लागतील अशी जागा मागून घ्या. मुलीने तशी मागितली होती. तरीही सहा-सात पायऱ्या होत्याच. यजमानांनी एका हाताने कठडा आणि दुसऱ्याने माझा दंड घट्ट धरला. त्या पायऱ्या चढायला आम्हाला बराच वेळ लागला.

बसल्यावर समोर पाहिले. सुमारे दोनशे फूट लांब आणि पंच्याऐंशी फूट रुंद असा पांढरा शुभ्र पट्टा पसरला होता. तो एवढा जवळ होता, की पहिल्या रांगेतल्या माणसाने हात लांबवला तर कठड्यावरच्या काचेला लागावा. बर्फाचा हा थर फार तर इंच-दीड इंच जाडीचा असतो. त्याच्या खालच्या लादीत नळ्यांचे जाळे असते आणि त्यांतून गोठणबिंदूच्या खाली थंड केलेला द्रव सतत खेळवला जातो. कार्यक्रमापूर्वी झांबोनी नावाचे बोजड वाहन संथपणे फेऱ्या घालते. ते बर्फाचा वरचा ओरखडलेला पापुद्रा खरवडून काढते आणि मागे गरम पाण्याचा पातळ थर सोडत जाते. गरम पाणी चिरांमध्ये चांगले मुरते आणि गोठल्यावर आरशासारखा सपाट पृष्ठभाग मिळतो. फ्रँक झांबोनी यांनी १९४९ साली कॅलिफोर्नियात हे यंत्र तयार केले. त्यापूर्वी हेच काम माणसे फावड्यांनी आणि पाण्याच्या नळ्यांनी करीत आणि त्याला तासाहून अधिक वेळ लागे. यजमानांनी बत्तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले आहे. बर्फावर गरम पाणी का, हे नातीला समजावून सांगण्यात ते रंगले. त्या वर्षात कोणाला काही शिकवताना मी त्यांना प्रथमच पाहत होते.

आता हा कार्यक्रम कशासाठी असतो, ते सांगायला हवे. हार्वर्डच्या एलियट हाउस या विद्यार्थी-निवासातील मुलांनी तो १९७० साली सुरू केला. जॉन मिशा पेटकेविच हा तेथील विद्यार्थी स्वतः स्केटिंगपटू होता. १९६८ आणि १९७२ या दोन्ही हिवाळी ऑलिंपिकमध्ये तो खेळला. कर्करोगाच्या संशोधनासाठी व उपचारांसाठी निधी जमवणाऱ्या ‘जिमी फंडा’ला पैसे मिळावेत, म्हणून त्याने आपल्या क्रीडामित्रांना एका संध्याकाळसाठी बोलावले. ‘विजेत्यांसमवेत एक संध्याकाळ’ अशा अर्थाचे नाव या कार्यक्रमाला आहे. येथे परीक्षक नसतात, गुण नसतात. तिकिटे विकण्यापासून प्रेक्षकांना जागा दाखवण्यापर्यंतची कामे विद्यार्थी करतात.

या जिमीची कथा आपण ऐकली नसेल तर ऐका. १९४८ साली बोस्टनच्या बालरुग्णालयात डॉ. सिडनी फार्बर यांच्याकडे मेन राज्यातला बारा वर्षांचा एक शेतकऱ्याचा मुलगा उपचार घेत होता. त्याला आतड्याचा कर्करोग, लिम्फोमा, झाला होता. त्याची ओळख लपवण्यासाठी त्याला ‘जिमी’ हे नाव दिले गेले. मे महिन्यात एका रेडिओ कार्यक्रमात तो रुग्णालयातल्या खाटेवरून बोलला. त्याचे आवडते बेसबॉलपटू त्या वेळी त्याच्या खाटेभोवती येऊन उभे राहिले. सामने पाहता यावेत म्हणून त्याला दूरचित्रवाणी संच हवा होता. लोकांनी दोन लाख डॉलरांहून अधिक रक्कम पाठवली. पुढे अनेक वर्षे लोक समजत होते, की तो मुलगा फार काळ जगला नसणार. १९९८ साली, पन्नास वर्षांनी, उलगडा झाला: जिमी, म्हणजे आयनार गुस्ताफसन, जिवंत होता. ट्रक चालवण्याचे काम त्याने केले होते आणि तो नातवंडांत रमला होता. २००१ साली पासष्टाव्या वर्षी तो वारला.

या कथेत आपल्या देशाचाही वाटा आहे. डॉ. फार्बर यांनी १९४७-४८ साली रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या सोळा मुलांना अमिनोप्टेरिन हे औषध दिले आणि त्यांतील दहा मुलांना तात्पुरती का होईना, उभारी आली. ते औषध ज्या प्रयोगशाळेत तयार झाले, तेथील संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातील भीमावरमचे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. याच हार्वर्डमध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली होती. अमिनोप्टेरिनचेच भावंड म्हणजे मेथोट्रेक्सेट. संधिवातासाठी मी आठवड्यातून एकदाच, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या वारी, जी गोळी घेते ती हीच. (ही गोळी रोज घ्यायची नसते, हे ज्यांच्या घरात ती आहे त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे, चुकून रोज घेतली गेल्यास ती जिवावर बेतू शकते.) त्या थंड बाकावर बसल्यावर प्रथमच माझ्या मनात आले, की माझ्या पिशवीतल्या गोळीचा उगम या शहराशी आणि त्या सोळा मुलांशी जोडलेला आहे. ती दहा मुले थोडी उठली आणि पुढे पुन्हा आजाराने गाठली गेली. तरी कोणी प्रयत्न सोडला नाही, म्हणून आज रक्ताच्या कर्करोगाची बहुसंख्य मुले जेथे वेळेवर व पुरेसे उपचार मिळतात तेथे बरी होतात.

दिवे मालवले. प्रकाशाचा एक गोल बर्फावर पडला आणि त्यात एक मुलगी आली. वाचकहो, दूरदर्शनवर या खेळातील एक गोष्ट कधीच कळत नाही: त्याचा आवाज. पोलादी पात्याची धार बर्फ कापत जाते, तेव्हा विळीवर काकडी चिरावी तसा ओलसर, कुरकुरीत ध्वनी येतो. पाते सुमारे चार मिलिमीटर रुंद असते आणि त्याच्या तळाला खोबण असल्यामुळे त्याला दोन धारा असतात. स्केटर सरळ उभा असल्यासारखा दिसला, तरी बहुतेक वेळ तो एका धारेवर कललेला असतो. तोल म्हणजे ताठ उभे राहणे, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात गुडघे किंचित वाकलेले, नजर समोर आणि शरीराचा भार पावलांवर सतत इकडून तिकडे होत असलेला, असे ते काम आहे. उडी मारून खाली येताना शरीराच्या वजनाच्या अनेक पट भार एका पायावर येतो, आणि तो घोटा, गुडघा व कंबर एकापाठोपाठ वाकून झेलतात.

गिरक्या सुरू झाल्या, तेव्हा मला आमच्या माहेरच्या मंगळागौरी आठवल्या. फुगडी घालताना हात ताणून मागे झुकले, की वेग आटोक्यात राहतो. जवळ आले की तो वाढतो. बर्फावरची मुलगी हात छातीशी घेई तेव्हा तिची आकृतीच पुसट होई. आपल्याला नुसते पाहून चक्कर यावी! तिला ती का येत नाही? सुरुवातीला येतेच. पुन्हा पुन्हा केल्याने मेंदू कानाच्या आतल्या तोलाच्या इंद्रियाकडून येणारे संदेश मनावर न घ्यायला शिकतो. चक्कर येणाऱ्या काही ज्येष्ठांना डॉक्टर मान व डोळे हलवण्याचे जे व्यायाम देतात, त्यांच्यामागेही मेंदूला अशी सवय लावण्याचेच तत्त्व असते. मात्र चक्कर येण्याची कारणे अनेक असतात, म्हणून आधी निदान आणि मग व्यायाम, हा क्रम सोडू नये.

मध्यंतराच्या थोडे आधी एक तरुण आला. अठरा-एकोणीस वर्षांचा असावा. एका मोठ्या वळणावरून तो नेमका आमच्या समोर आला, पुढे तोंड करून त्याने उडी घेतली, हवेत गिरक्या घेतल्या आणि तो खाली आला तो पायांवर नव्हे, कमरेच्या बाजूवर. धप्प असा आवाज झाला आणि तो दहा-बारा फूट घसरत आमच्या समोरच्या कठड्यापर्यंत आला. यजमानांनी माझा हात इतका जोरात दाबला, की माझी सुजलेली बोटे कळवळली. ते पडणे अगदी जवळून, त्या आवाजासकट, आम्ही पाहिले. तरुणाने हात छातीशी आखडून घेतले होते. घसरणे थांबले, तो कुशीवर वळला, चौपायी झाला, एक पाऊल पुढे टाकले, गुडघ्यावर हात रेटले आणि उभा राहिला. संगीत थांबलेच नव्हते. पुढच्या तालाला तो त्यात पुन्हा मिसळूनही गेला.

“मांजर!” नात ओरडली. “आजोबा, मांजर पाहिलंत?”

मध्यंतरात गरम चॉकलेटचा पेला दोन्ही हातांत धरून यजमान बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “लहानपणी तालमीत वस्तादांनी पहिले पंधरा दिवस डाव शिकवलाच नाही. नुसतं लाल मातीत पडायला लावलं. हात टेकला की छडी. मी विसरलोच होतो गं.” आणि थोड्या वेळाने, आपल्या मनगटाकडे पाहत, “पायरीवर मी हात टेकला. तिथंच चुकलं.”

येथे आपल्याला एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. त्या तरुणाचे पडणे आपल्यासाठी नाही. त्याच्याजवळ वेग असतो, म्हणून पडण्याचा जोर घसरण्यात विरतो. आपण उभ्या जागी कोसळतो आणि सारा जोर एका हाडावर येतो. त्याची हाडे तरुण असतात. आपली ठिसूळ झालेली असू शकतात. कुशीवर पडणे त्याला सुरक्षित असले, तरी आपल्या वयात खुब्याचे हाड बहुधा तसे पडल्यानेच मोडते. आणि हात टेकणे ही क्षणार्धात होणारी प्रतिक्रिया आहे. त्याबद्दल स्वतःला दोष देऊ नये. मात्र त्याचे उठणे आपल्यासाठी आहे. नातीच्या वर्गात जो क्रम शिकवतात, जवळपास तोच क्रम फिजिओथेरपिस्ट ज्येष्ठांना शिकवतात:

पडल्यावर लगेच धडपडू नये. क्षणभर पडून राहावे, श्वास घ्यावा, कुठे दुखते आहे ते पाहावे. डोक्याला मार लागला असेल, खुब्यात वा पाठीत तीव्र वेदना असेल, पाय हलवता येत नसेल, तर उठू नये; मदत बोलवावी आणि अंगावर काही पांघरून उबदार राहावे. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर डोक्याला लागलेला किरकोळ मारही डॉक्टरांना दाखवावा. इजा नसेल तर कुशीवर वळावे, मग हातांवर व गुडघ्यांवर यावे, जवळच्या भक्कम खुर्चीपर्यंत रांगत जावे, दोन्ही हात तिच्या बैठकीवर ठेवावेत, सशक्त पायाचे पाऊल पुढे घ्यावे, रेटा देऊन उठावे आणि वळून त्याच खुर्चीत बसावे. थोडा वेळ बसल्यावरच उभे राहावे. शुश्रूषा करणाऱ्याने काखेत हात घालून ओढू नये. त्याने पडलेल्याचा खांदा निखळू शकतो आणि आपली पाठ धरते. खुर्ची आणून द्यावी आणि धीर द्यावा. हे सारे प्रथम फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली शिकावे. गुडघे बदललेले असतील किंवा हाडे फार ठिसूळ असतील, तर तेच वेगळी पद्धत सांगतील.

मध्यंतरानंतर सोळा मुलींचा एक संघ आला. एकमेकींचे हात व खांदे धरून त्यांनी चक्रे केली, रांगा केल्या, एका रांगेतून दुसरी रांग पार केली. एकीचा तोल किंचित गेला तर शेजारणीच्या हाताने तो सावरला जाई, आणि बाहेरून ते कळतही नसे. माझ्या शेजारी मुलगी बसली होती. ती हळूच म्हणाली, “आई, तू बाबांना फार घट्ट धरतेस.” मला थोडे लागले ते. पण त्या मुलींचे हात मी पुन्हा नीट पाहिले. त्यांनी एकमेकींना धरले होते. कोणी कोणाला उचलून चालवत नव्हते.

शेवटी सारे खेळाडू एकत्र आले, वाकून नमस्कार झाले, दिवे लागले. तेवढ्यात तो मघाचा तरुण घोळक्यातून सुटला आणि एक मोठे वळण घेऊन पुन्हा तीच उडी घ्यायला निघाला. अशा कार्यक्रमांत चुकलेली उडी शेवटी पुन्हा घेण्याची मोकळीक असते. सारे प्रेक्षक ताल धरून टाळ्या वाजवू लागले. त्याने उडी घेतली, आणि तो पुन्हा पडला. या वेळी बसल्या बसल्याच तो हसू लागला, उठला आणि दोन्ही हात पसरून त्याने प्रेक्षकांना अभिवादन केले. त्या संध्याकाळी सर्वांत मोठ्या टाळ्या त्यालाच मिळाल्या. मी वळून पाहिले. यजमान उभे होते आणि टाळ्या वाजवत होते. दोन्ही हातांनी.

खाली उतरताना त्यांनी कठडा धरला. मी दंड पुढे केला, तर म्हणाले, “तू एक पायरी पुढं उतर. लागलं तर खांद्यावर हात ठेवीन.” सहा-सात पायऱ्यांत तो हात माझ्या खांद्यावर एकदा आला, चौथ्या पायरीशी, आणि लगेच उचलला गेला.

त्यांची भीती त्या रात्री संपली, असे मी म्हणणार नाही. अंगणातली ती पायरी ते आजही बिचकतच उतरतात, आणि ते योग्यच आहे. आम्ही तिला कठडा बसवला, स्नानगृहात धरायला दांडा लावला, घरातली सैल पायपुसणी काढून टाकली, दोघांच्याही डोळ्यांचे नंबर तपासून घेतले. आपणही हे आधी करावे, धैर्य त्यानंतर. मिरजेला परतल्यावर पहिल्या आठवड्यात ते स्वतःहून फिजिओथेरपिस्ट बाईंना म्हणाले, “ते जमिनीवरून उठण्याचं शिकवा.” सतरंजी अंथरली, शेजारी लाकडी खुर्ची ठेवली. पहिल्या दिवशी अर्ध्यातच थकले. दुसऱ्या दिवशी गुडघ्यांवर आले आणि तेथेच थांबले. पाचव्या दिवशी खुर्चीत जाऊन बसले, घामाघूम झालेले, आणि त्यांनी मला नातीला फोन लावायला सांगितला.

बोस्टनला जाण्याचा योग प्रत्येकाला येईल असे नाही, आणि त्याची गरजही नाही. दादरच्या शिवाजी पार्कवर समर्थ व्यायाम मंदिरात मुले मल्लखांब करतात. आपल्या गावात एखादी तालीम असेल, कबड्डीचे मैदान असेल, शाळेचे वार्षिक क्रीडासंमेलन असेल. पडद्यावर पाहण्याऐवजी एखाद्या संध्याकाळी तेथे जाऊन बसा. शाल घ्या, उशी घ्या, औषधांच्या वेळा सांभाळा, पायऱ्या कमी असलेली जागा निवडा. ज्यांना घराबाहेर पडण्याची भीती वाटते आहे, त्यांना बरोबर घ्या. बाकी काही समजावून सांगू नका. मुले पडतील, अंगावरची माती झटकतील आणि उठतील. ते शेजारी बसून पाहतील, तेवढे पुरे.